जांभ्या माळावरील धावपट्ट्या : खडगपूर परिसरातील युद्धकालीन विमानतळ

युद्धांचा इतिहास सामान्यतः रणभूमींच्या नावांनी ओळखला जातो. ज्या ठिकाणी सैन्ये परस्परांना भिडली, त्या ठिकाणी स्मारके उभी राहतात आणि पाठ्यपुस्तकांत त्यांना स्थान मिळते. परंतु ज्या भूमीवर एकही लढाई झाली नाही, आणि तरीही जिचे रूप युद्धाने कायमचे पालटून टाकले, अशा भूमीची आठवण सहसा कोणी ठेवत नाही. पश्चिम बंगाल आणि झारखंड या राज्यांच्या सीमाभागातील खडगपूरचा परिसर हे अशा भूमीचे ठळक उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात त्या काळातील सर्वांत मोठी बाँबफेकी विमाने येथून उड्डाण करीत होती. ज्या धावपट्ट्यांवरून ती झेपावत, त्यांपैकी काहींवर आजही वायुदलाचा वावर आहे, तर काहींवर सालवृक्षांचे रान माजले आहे. या धावपट्ट्या कशा निर्माण झाल्या, त्या कोणाच्या श्रमांतून उभ्या राहिल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, याची माहिती ग्रामीण प्रशासनाशी संबंध असलेल्या प्रत्येकास उद्‌बोधक वाटेल.

स्थळाची निवड

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानी सैन्याच्या हाती पडले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ब्रह्मदेशातून चीनकडे जाणारा रस्ता बंद झाला. डिसेंबर १९४२ मध्ये खुद्द कलकत्त्यावर जपानी विमानांनी बाँब टाकले. पूर्व भारत हा आता पिछाडीचा प्रदेश राहिला नव्हता. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या प्रांतांत ठिकठिकाणी विमानतळ बांधण्याचे काम घाईने हाती घेण्यात आले. खडगपूरच्या आसपासचे विमानतळ याच धामधुमीत प्रथम तयार झाले.

१९४३ च्या अखेरीस अमेरिकेने बी-२९ या नव्या विमानाचा वापर जपानविरुद्ध करण्याचे ठरविले. प्रशांत महासागरातील जपानजवळची बेटे तोवर मित्रराष्ट्रांच्या ताब्यात आलेली नव्हती. म्हणून विमानांचा कायमचा तळ भारतात ठेवावा, ती चीनमधील चेंगडूजवळच्या पुढील तळांवर न्यावीत आणि तेथून जपानवर हल्ले करावेत, अशी योजना आखण्यात आली. भारतातील तळासाठी खडगपूरची निवड झाली. हावड्यापासून सुमारे ११५ किलोमीटरांवर असलेले खडगपूर हे त्या वेळच्या बंगाल-नागपूर रेल्वेचे मोठे जंक्शन होते. कलकत्त्याचे बंदर जवळ होते. गंगेच्या मुखाकडील दलदलीचा प्रदेश येथे संपतो आणि कोकणवासीयांच्या परिचयाच्या जांभ्या दगडाचे कोरडे, किंचित उंचवट्याचे माळ सुरू होतात. जड विमानांसाठी अशी जमीन सोयीची होती.

या विमानांसाठी जे तळ वापरण्यात आले त्यांची नावे अशी : खडगपूरजवळील सालुआ, सिंगभूम जिल्ह्यातील चाकुलिया, बांकुडा जिल्ह्यातील पियारडोबा आणि झाडग्रामजवळील दुधकुंडी. दुधकुंडीचे काम पूर्ण होईपर्यंत पुरुलियाजवळील चर्रा येथील धावपट्टी वापरण्यात आली. कलाईकुंडा येथील विमानतळ प्रामुख्याने मालवाहू विमानांसाठी होता. नकाशा पाहिल्यास एक गोष्ट लक्षात येते. कलाईकुंडा व चाकुलिया ही टाटानगरकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील, तर पियारडोबा हे बांकुड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानके आहेत. आगगाडीने खडी, सिमेंट, इंधन व बाँब जेथवर पोहोचू शकत होते, तेथेच विमानतळ झाले.

या कार्याशी मुंबईचाही संबंध आला. विमाने हवाई मार्गाने कराचीवरून आली, तरी जमिनीवरील कर्मचाऱ्यांच्या अनेक तुकड्या जहाजांनी मुंबई बंदरात उतरल्या आणि तेथून आगगाडीने देश ओलांडून खडगपूरला गेल्या.

मेदिनीपूरची दोन वर्षे

हे बांधकाम ज्या जिल्ह्यात प्रामुख्याने झाले, त्या मेदिनीपूरची त्या वेळची स्थिती समजून घेतल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात या जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागाने विलक्षण तेज दाखविले. २९ सप्टेंबर १९४२ रोजी तमलूक येथे हाती तिरंगा घेऊन मोर्चाच्या अग्रभागी चालणाऱ्या वृद्ध मातंगिनी हाजरा पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथे ‘ताम्रलिप्त जातीय सरकार’ स्थापन झाले. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या घटनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर प्रचंड चक्रीवादळ आदळले. समुद्राचे पाणी गावांत शिरले, हजारो माणसे दगावली, गुरे वाहून गेली आणि उभे भातपीक नष्ट झाले. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून किनारी भागातील होड्या व धान्याचे साठे सरकारने त्यापूर्वीच काढून घेतले होते. पुढील वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने त्यातील मृत्यूंचा आकडा सुमारे १५ लाख इतका धरला. नंतरच्या अभ्यासकांनी तो ३० लाखांपर्यंत असावा, असे अनुमान काढले आहे.

विमानतळांच्या उभारणीचा काळ हा असा होता. ज्या आगगाड्यांतून अन्नधान्य यावयास हवे होते, त्यांवर युद्धसामग्रीचा पहिला हक्क होता. ज्या माणसांच्या घरी चूल पेटत नव्हती, त्यांना खडी फोडण्याचे व माती वाहण्याचे काम मिळत होते. युद्धाची मजुरी हा अनेकांच्या दृष्टीने जगण्याचा आधार ठरला असेल, परंतु हे युद्ध त्यांनी पुकारलेले नव्हते, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

धावपट्ट्यांची उभारणी

आधीच्या धावपट्ट्या सुमारे ६,००० फूट लांबीच्या होत्या. त्या लिबरेटर जातीच्या विमानांना पुरेशा होत्या, पण बी-२९ साठी अपुऱ्या होत्या. या विमानाच्या पंखांचा विस्तार १४१ फूट, लांबी ९९ फूट आणि पूर्ण भारासह वजन सुमारे ६० टन होते. त्याला ७,५०० फूट, म्हणजे सव्वादोन किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीची व अधिक जाड थराची धावपट्टी लागे. १९४४ च्या प्रारंभी अमेरिकन अभियंत्यांच्या तुकड्या यंत्रसामग्रीसह येऊ लागल्या. पावसाळ्यापूर्वी मुख्य काम आटोपणे आवश्यक होते. काम ऐन भरात असताना सुमारे ६,००० अमेरिकन सैनिक व सुमारे २७,००० भारतीय मजूर त्यावर राबत होते, असे युद्धविषयक इतिहासग्रंथांत नमूद आहे.

धावपट्टीच्या कामाचा क्रम रस्त्याच्या कामासारखाच असतो. प्रथम वरची माती काढून जमीन सपाट करावयाची, तिच्यावर मुरूम व खडी पसरून रोलरने दाबावयाची आणि शेवटी काँक्रीटचा थर द्यावयाचा. मात्र रस्त्यावर क्षम्य ठरणारा लहानसा खड्डाही विमानास घातक ठरू शकतो. त्यामुळे उतार, पाण्याचा निचरा आणि सांधे यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. यंत्रे होती, तरी ती सर्वत्र पुरेशी नव्हती. पुष्कळशी खडी हातांनी फोडली गेली आणि टोपल्यांतून, डोक्यावरून वाहिली गेली. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. हा प्रदेश संथाळ व अन्य आदिवासी समाजांच्या वस्तीचा आहे. विमानांच्या प्रत्येक उड्डाणाची तारीख, बाँबचे वजन आणि वैमानिकाचे नाव लष्करी दप्तरात सापडते. धावपट्टी बांधणाऱ्यांची मात्र केवळ संख्या उरली आहे.

उड्डाणे आणि त्यांचे फलित

पहिले बी-२९ विमान २ एप्रिल १९४४ रोजी चाकुलिया येथे उतरले. त्यानंतर लवकरच या विमानाचे दोष प्रकट झाले. त्याची चारही इंजिने नवी व अपुरी पारखलेली होती आणि भारतीय उन्हाळ्यात ती तापून बिघडत. वाटेत कराचीच्या परिसरात काही विमाने कोसळली आणि उड्डाणे काही काळ थांबवावी लागली.

५ जून १९४४ रोजी या विमानांनी पहिली युद्धमोहीम केली. त्या दिवशी ९८ विमानांनी बँकॉकमधील मक्कासान येथील रेल्वे कारखान्याच्या रोखाने उड्डाण केले. १५ जून १९४४ च्या रात्री चेंगडूमार्गे गेलेल्या विमानांनी जपानमधील यावाता येथील पोलाद कारखान्यावर हल्ला केला. एप्रिल १९४२ मधील एका छोट्या हल्ल्यानंतर जपानच्या मुख्य भूमीवर झालेला हा पहिलाच हवाई हल्ला होता. पुढे सिंगापूरची जहाजगोदी, सुमात्रातील पालेमबांगचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि मांचुरियातील पोलाद कारखाने हीही या विमानांची लक्ष्ये ठरली.

तथापि या योजनेच्या मुळाशीच एक अडचण होती. चेंगडूला समुद्रमार्गे काहीही पोहोचत नव्हते. तेथील तळांवर लागणारे पेट्रोल व बाँब खडगपूरहून हिमालयाच्या पूर्व टोकावरून विमानांनीच न्यावे लागत. हे अंतर सुमारे १,९०० किलोमीटर होते. बाँबफेकीसाठी बांधलेली विमाने टाक्या भरून पेट्रोल वाहू लागली. जपानवरील एका विमानाच्या एका फेरीसाठी लागणारा साठा चीनमध्ये जमविण्यास सरासरी सहा खेपा कराव्या लागत. एवढा खटाटोप करूनही जपानवरील हल्ल्यांची संख्या मर्यादितच राहिली. दरम्यान प्रशांत महासागरातील मारियाना बेटे अमेरिकेच्या हाती आली. तेथे जहाजांनी थेट इंधन नेता येत होते. जानेवारी १९४५ मध्ये चीनमधील तळ सोडण्यात आले. मार्च १९४५ च्या अखेरीस भारतातील तळांवरून शेवटची मोहीम झाली आणि विमाने टिनियन बेटाकडे रवाना झाली. पहिल्या विमानाच्या आगमनापासून अखेरच्या मोहिमेपर्यंत जेमतेम एक वर्ष गेले. या काळात एकूण ४९ मोहिमा झाल्या.

एका वर्षाच्या वापरासाठी बांधलेल्या या धावपट्ट्या ८० वर्षांनंतरही जमिनीवर आहेत.

बंदिशाळेतून विद्यापीठाकडे

या विमानदलाचे मुख्यालय ज्या इमारतीत होते, तिचा इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. खडगपूरजवळील हिजली येथील या वास्तूत १९३० पासून ब्रिटिश सरकार राजकीय बंदिवानांना स्थानबद्ध करून ठेवीत असे. १६ सप्टेंबर १९३१ रोजी तेथील पहारेकऱ्यांनी निःशस्त्र बंदिवानांवर गोळीबार केला. त्यात संतोषकुमार मित्र व तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मृत्युमुखी पडले. या घटनेचा देशभर निषेध झाला. रवींद्रनाथ टागोरांनी कलकत्त्यातील जाहीर सभेत त्याविरुद्ध आवाज उठविला. ज्या खोल्यांत स्वातंत्र्याची मागणी करणारे तरुण कोंडले गेले होते, त्याच इमारतीत युद्धकाळात नकाशे पसरून जपानवरील हल्ल्यांच्या योजना आखल्या गेल्या.

स्वातंत्र्यानंतर या इमारतीस तिसरे आयुष्य लाभले. नलिनीरंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशाच्या चार दिशांना उच्च तंत्रशिक्षणाच्या संस्था काढण्याची शिफारस केली होती. त्यांपैकी पहिली संस्था येथे सुरू झाली. १८ ऑगस्ट १९५१ रोजी तत्कालीन शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या हस्ते भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे, म्हणजेच आयआयटी खडगपूरचे, औपचारिक उद्‌घाटन झाले. सुरुवातीचे वर्ग या जुन्या बंदिशाळेतच भरले. संस्थेने तिची निगा राखली असून १९९० पासून तेथे नेहरूंच्या नावाचे विज्ञान व तंत्रज्ञान संग्रहालय आहे. परिसरातील युद्धकालीन अवशेषांपैकी सर्वांत सुस्थितीत असलेला अवशेष हाच होय.

अधिग्रहण आणि संपादन

विमानतळांच्या जमिनींचा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा होता. युद्धकाळात भारत संरक्षण अधिनियम, १९३९ व त्याखालील नियमांन्वये सरकारला जमिनी व इमारती तातडीने ताब्यात घेण्याचा अधिकार होता. अशा ताब्यास अधिग्रहण म्हणतात. त्यात मालकी मूळ धारकाकडेच राहते, सरकार ठरावीक काळापुरता वापर करते आणि त्याबद्दल मोबदला देते. भूसंपादनात मालकीच सरकारकडे जाते. पंचायत सदस्यांनी व महसूल कर्मचाऱ्यांनी हा भेद नीट ध्यानी घ्यावा, कारण त्याच्यावर पुढील कित्येक पिढ्यांचे हक्क अवलंबून असतात.

युद्ध संपल्यावर अधिग्रहित जमिनी परत करणे हे तत्त्वतः क्रमप्राप्त होते. परंतु ज्या शेतावर काँक्रीटचा थर दिला आहे, ते शेत म्हणून परत कसे करावयाचे, हा प्रश्न देशात ठिकठिकाणी उभा राहिला. स्थावर मालमत्ता अधिग्रहण व संपादन अधिनियम, १९५२ यात याविषयी तरतूद होती. अधिग्रहित मालमत्तेवर सरकारी खर्चाने बांधकाम झाले असेल आणि त्याचे मूल्य राखणे आवश्यक असेल, अथवा जमीन पूर्ववत करण्याचा खर्च अवाजवी होत असेल, तर ती जमीन कायमची संपादित करण्याचा अधिकार सरकारला देण्यात आला होता. म्हणजे धावपट्टी जितकी मजबूत, तितकी जमीन मूळ धारकाकडे परत जाण्याची शक्यता कमी, अशी ही स्थिती होती.

आज काय उरले आहे

या विमानतळांची नियती निरनिराळी झाली. कलाईकुंडा आज भारतीय वायुदलाचे महत्त्वाचे केंद्र आहे. ७ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी विमानांनी त्यावर हल्ला केला होता. त्यात काही भारतीय विमाने जमिनीवरच नष्ट झाली, परंतु आपल्या वैमानिकांनी आकाशात दिलेली झुंज वायुदलाच्या इतिहासात नोंदली गेली. दुधकुंडीच्या परिसराचा वापर वायुदलाच्या नेमबाजीच्या सरावासाठी होतो. सालुआ येथे पश्चिम बंगाल पोलिसांच्या ईस्टर्न फ्रंटियर रायफल्स या दलाचे मुख्य ठाणे आहे. चाकुलियास १९७१ मध्ये बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीतील तरुणांना प्रशिक्षण देण्यात आले. मात्र तेथील लांबलचक धावपट्टीचा नियमित प्रवासी विमानतळ म्हणून विकास झाला नाही.

पियारडोबा व चर्रा या ठिकाणी असा कोणताही पुढील उपयोग झाला नाही. पियारडोबाची धावपट्टी सालवनाने वेढलेली आहे. काँक्रीटच्या सांध्यांतून गवत व झुडपे उगवली आहेत. चर्रा येथे उघड्या माळावर जुनी धावपट्टी पडून आहे. तिचा पुन्हा विमानसेवेसाठी उपयोग करावा, असा विचार वेळोवेळी मांडला गेला आहे. उपग्रहाने घेतलेल्या छायाचित्रांत या धावपट्ट्या आणि त्यांच्या बाजूच्या, विमाने उभी करण्याच्या गोलाकार जागा आजही ओळखता येतात. जमिनीवर उभे राहिले असता जे विस्कळीत काँक्रीट वाटते, त्याची संपूर्ण आकृती वरून पाहिल्यावर उमगते.

हे विमानतळ एका काळी दोन प्रांतांतील तीन-चार जिल्ह्यांत होते. त्यानंतर जिल्ह्यांच्या व राज्यांच्या सीमा अनेकदा बदलल्या. १९५६ मध्ये पुरुलिया बिहारमधून पश्चिम बंगालमध्ये आले. २००० मध्ये चाकुलिया झारखंडमध्ये गेले. २००२ मध्ये मेदिनीपूरचे दोन जिल्हे झाले आणि २०१७ मध्ये झाडग्राम हा वेगळा जिल्हा झाला. परिणामी या एकाच कथेची कागदपत्रे व आठवणी दोन राज्यांत विभागल्या गेल्या आहेत.

नोंद ठेवण्याचे काम

खडगपूरच्या या उदाहरणावरून एक बोध स्पष्टपणे घेता येतो. ज्या वास्तूला उपयोग मिळाला, ती टिकली. ज्या वास्तूला उपयोग मिळाला नाही, तिचे निदान काँक्रीट टिकले. पण ज्या माणसांच्या जमिनी गेल्या व ज्यांनी हे काम केले, त्यांची आठवण टिकण्यास या दोन्हींचा उपयोग झाला नाही. ती टिकवावयाची तर ती कोणीतरी लिहून ठेवावी लागते. १९४४ साली कामावर असलेली पिढी आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. त्यांच्याकडून ऐकलेले सांगू शकतील अशी त्यांची मुले-नातवंडे मात्र अजून गावोगाव आहेत.

ही गोष्ट केवळ बंगालपुरती नाही. आपल्या राज्यात पुण्याजवळील लोहगाव व मुंबईतील सांताक्रूझ येथील विमानतळांचा इतिहासही युद्धकाळाशी निगडित आहे. आपल्या गावाच्या शिवारात लष्करी छावणी, गोळीबाराचे मैदान, धरण वा कारखाना यांसाठी जमीन गेली असेल, तर त्यामागील हकिकत जाणून घेणे हे गावाचेच काम आहे. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना घेऊन वृद्धांच्या आठवणी नाव, वय व तारखेसह टिपून घ्याव्यात. ऐकीव माहिती व प्रत्यक्ष पाहिलेली माहिती यांची नोंद वेगवेगळी करावी. पंचायत सदस्यांनी जुन्या मोजणी नकाशांची व फेरफारांची पडताळणी तलाठ्यांच्या साहाय्याने करून, कोणती जमीन अधिग्रहित झाली होती आणि कोणती संपादित झाली, हे पाहून घ्यावे. अवशेष खासगी वा संरक्षण खात्याच्या जमिनीवर असतील, तर परवानगीवाचून तेथे जाऊ नये. जुन्या लष्करी जागेत सापडलेल्या कोणत्याही अनोळखी धातूच्या वस्तूस हात न लावता पोलिसांना कळवावे.

या कामास मोठा निधी लागत नाही. एक वही, थोडा वेळ आणि सत्य तेवढेच लिहिण्याची शिस्त पुरेशी आहे. खडगपूरच्या माळावर २७,००० माणसे राबली, एवढेच आज सांगता येते. त्यांच्यातील शंभर जणांची नावे जरी त्या वेळी कोणी लिहून ठेवली असती, तरी त्या धावपट्ट्यांचा इतिहास आजच्यापेक्षा पुष्कळ पूर्ण झाला असता. आपल्या गावाच्या बाबतीत ती उणीव राहू नये, हे अद्याप आपल्या हाती आहे.